खोकल्याची टेप

आता सगळं निवळलंय म्हणून मोकळेपणाने सांगतो. नाहीतर ही गोष्ट आमच्या सासरी कुणी तोंडातून काढत नसे.

लग्नाचं बोलायला म्हणून मी पहिल्यांदा त्या घरी गेलो, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाई खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी कोटाची बाही रफू करत होत्या आणि त्यांच्या कानांवर भलेमोठे हेडफोन होते. मी आत आलो हे त्यांना कळलंच नाही. डोळे कोटावर, सुई चाललेली, आणि डावा हात थोड्या थोड्या वेळाने शेजारच्या टेपरेकॉर्डरकडे जाऊन बटण दाबत होता. टेप मागे, परत सुरू. परत मागे, परत सुरू. हेडफोनमधून झिरपणारा आवाज मी लगेच ओळखला. माझ्या वयाच्या निम्म्या पोरांनी गिटार विकत घेतली ती त्या गायकामुळे, आणि निम्म्यांनी विकून टाकली तीही त्याच्यामुळेच, कारण त्याच्यासारखं वाजवणं कुणाला जमेना.

मला वाटलं, चला, गप्पांची सोय झाली. चहा आल्यावर मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "तुम्हाला रॉक आवडतं? मी तर त्याचा वेडा आहे. त्याचं ते तिसरं रेकॉर्ड, जे कधी निघालंच नाही..."

एवढंच बोललो. होणाऱ्या सासऱ्यांनी कप खाली ठेवला, "जरा मागच्या नळाचं बघून येतो" म्हणाले आणि उठून गेले. ते पुन्हा दिसले ते मी निघताना. त्याच क्षणी टेबलाखाली माझ्या नडगीवर एक लाथ बसली. ती मारणारी आता माझी बायको आहे.

बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, "मी काय चुकीचं बोललो?"

"सगळंच," ती म्हणाली, आणि बसथांब्यावर उभ्या उभ्या तिने मला सगळं सांगितलं.

सासरे तरुणपणी एका स्टुडिओत टेपवाले होते. साउंड इंजिनिअर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते काचेमागे बसून आवाज जुळवायचे आणि सासरे त्यांच्या शेजारी मोठ्या रिळांचं मशीन सांभाळायचे. रीळ चढवायचं, चालू करायचं, थांबवायचं, भरलेलं रीळ कपाटात ठेवून कुलूप लावायचं. रेकॉर्डच्या पाकिटावर नाव छापून येईल असं काम नव्हे, पण त्यांचा जीव होता त्यात. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक साहेबांकडे, एक यांच्याकडे.

त्या गायकाचं तिसरं रेकॉर्ड तिथे चाललं होतं. सासूबाई त्याला पहिल्यापासून 'घोगऱ्या' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. घोगऱ्याची पद्धत अशी की आधी सगळ्यांनी मिळून गाणी एकत्र वाजवून बघायची आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या माइकवर एक कच्चं रीळ भरायचं. पक्कं काम नंतर. झालं असं की ती कच्ची गाणीच रेकॉर्ड निघायच्या आधी फुटपाथवर कॅसेटमध्ये विकायला आली. एका गाण्याच्या ऐन मधे त्यात खणखणीत खोकला ऐकू येतो. त्यामुळे शौकीन मंडळींत तिचं नाव पडलं 'खोकल्याची टेप'. कंपनी घोगऱ्यावर भडकली, घोगऱ्या स्टुडिओवर भडकला आणि रेकॉर्ड बारगळलं ते बारगळलंच. कच्ची रिळं पुसून परत वापरायचा रिवाज होता, त्यामुळे फुटपाथवरची कॅसेट ताडून बघावी तर मूळ रीळही उरलं नव्हतं. राहिल्या दोन किल्ल्या. त्यातल्या एका किल्लीचा मालक साहेब. नोकरी टेपवाल्याची गेली.

पोलिसांत कुणी गेलं नाही, कारण पुरावा काही नव्हता. पण बोभाटा व्हायला पुरावा लागत नाही. एकाही स्टुडिओने सासऱ्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. शेवटी ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लागले. तिथे पंपांचा एवढा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कुणी फारसं बोलतच नसे. यांना तेच बरं वाटलं. घरात मग रेडिओसुद्धा लागेनासा झाला. ती चोरटी कॅसेट त्यांनी एकदाही ऐकली नाही.

सासूबाईंनी मात्र ती विकत आणली. तेव्हा माझी बायको अंगावर पिणारी होती.

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं," त्या मला पुढे एकदा म्हणाल्या. "मेला बेसूर वाटायचा. पण हे चोरी करणार नाहीत हे मला माहीत होतं. आता मला माहीत असून काय उपयोग? मी बायको, मी तसं म्हणणारच. मग म्हटलं, कुणीतरी ही पहिल्यांदा विकली असेल ना? तिथपर्यंत जायचं. याने कुणाकडून घेतली, त्याने कुणाकडून घेतली, असं विचारत विचारत."

त्या तेव्हापासून एका लाँड्रीत रफूचं काम करायच्या. पुढच्या बाजूला काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं, आणि कोपऱ्यात उजेडाच्या तोंडाशी यांची खुर्ची. एक दिवस पाठीवर घोगऱ्याचं चित्र असलेलं जाकीट दुरुस्तीला आलं. सासूबाईंनी गिऱ्हाइकाला तिथेच धरलं. त्याने सांगितलं, कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर वेळी खरखर वाढते आणि आवाज मरतो. जिच्यात खरखर कमी, ती मूळच्या जवळची.

"म्हणजे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

झालं. त्यांना वाट सापडली. आज जितकी विटलेली मिळालीय, उद्या त्याहून कमी विटलेली शोधायची. असं करत करत सासूबाई स्टुडिओंतून चोरून बाहेर आलेल्या रेकॉर्डिंगच्या अख्ख्या दुनियेत शिरल्या. ही दुनिया मला नुसती ऐकून माहीत होती. दाढीवाले, बोलघेवडे, एकमेकांच्या कॅसेटवर डोळा ठेवून असलेले बाप्ये. एक जण घोगऱ्याने एकच ओळ गाऊन सोडून दिलेल्या तुकड्यांवर तासभर बोलायचा. दुसरा फक्त गिटार जुळवतानाचं रेकॉर्डिंग जमवायचा, गाणं सुरू झालं की टेप बंद. यांच्यात लाँड्रीतली एक बाई पिशवी घेऊन जाऊन बसायची. देण्यासारख्या कॅसेट नव्हत्या तेव्हा तिने त्यांची फाटकी जाकिटं रफू करून दिली, आणि असं दिलं की भोक कुठे होतं ते सापडू नये. सगळे तिला 'रफूताई' म्हणू लागले. रफूताईकडे खोकल्याची टेप जितक्या प्रतींमध्ये होती तितकी कुणाकडेच नव्हती. गाणी तीच, खोकला तोच, खरखर तेवढी वेगळी. दिवाणखान्यातलं अख्खं कपाट त्यांनी भरलं होतं. सासरे त्या कपाटाकडे पाठ होईल अशाच खुर्चीवर बसायचे.

लग्नानंतर गाडी चालवता येणारा घरातला एकमेव माणूस मी, त्यामुळे या शोधात माझी आपोआप भरती झाली. "जावईबापू, रविवारी मोकळे आहात का?" असा फोन आला की मी समजायचो. पण खरं सांगायचं तर पुढे पुढे त्या शोधाला काही अर्थ उरला नव्हता. पहिला विकणारा केव्हाच सगळं गुंडाळून निघून गेला होता. साहेब वारले. स्टुडिओच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. सासरे निवृत्त झाले. सासूबाई तरीही जातच राहिल्या, आणि मला वाटायचं, आता त्यांना सवय लागलीय, दुसरं काही नाही.

मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. हे डॉक्टर त्या मंडळींतले सगळ्यांत जुने. दवाखाना बंद करून ते मुलीकडे राहायला निघाले होते आणि कॅसेट वाटून टाकत होते. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा घरभर खोकी होती. दात काढायची खुर्ची अजून दवाखान्याच्या खोलीतच होती आणि तिच्यावरही खोकी.

"रफूताई, आवरताना एक टाकाऊ माल सापडलाय," डॉक्टर म्हणाले. "फार वर्षांपूर्वी त्या पहिल्या फुटपाथवाल्याने मला फुकट दिलेली. गाणी धड नाहीत, निम्मी टेप नुसती बडबड. लोकांनी पुढे उतरवताना बडबड कापून गाणीच ठेवली असणार. मी स्वतः एकदा पाच मिनिटं ऐकून ठेवून दिली. पण खोकला आहे. तुम्हाला हवी तर घ्या."

"लावा," सासूबाई म्हणाल्या. त्या खोक्यावरच टेकल्या. मी उभा.

गाणं सुरू झालं आणि मी चमकलो. इतकं स्वच्छ मी ते कधी ऐकलं नव्हतं. घोगऱ्या जणू शेजारच्या खोलीत होता. खोकला आला तो तर कानाशीच. गाणं संपलं, आणि मग काचेपलीकडून बोलायचा जो स्पीकर असतो त्यातून आल्यासारखा एक तरुण आवाज म्हणाला, "थांबा हं. रीळ संपलं. मशीन थांबवलंय."

सासूबाईंचा हात तोंडाशी गेला. "हे," त्या म्हणाल्या. इतकंच. मला आधी वाटलं, 'हे काय' असं विचारतायत. मग कळलं की त्या सासऱ्यांना घरात 'हे'च म्हणतात.

टेप चालूच होती. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी गिटारीची तार उगाच छेडली. मग घोगऱ्याचा आवाज, लांबून, "तुझं ते डबडं चालूच आहे का रे?" आणि अगदी जवळून, खोकत, दुसरा कुणी म्हणाला, "असू दे. घरी सरावाला लागतं मला."

"हा बेसवाला," डॉक्टर म्हणाले. "बेस गिटार वाजवायचा तो. म्हणजे खोकला याचा? आम्ही इतकी वर्षं घोगऱ्याचा समजून..."

"मागे घ्या," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी टेप मागे घेतली. 'मशीन थांबवलंय.' खुर्च्या. तार. डबडं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "यांचं मशीन थांबलं. मग पुढचं हे सगळं कशावर भरलंय?"

डॉक्टरांच्या आणि माझ्या डोक्यात ते एकदमच शिरलं. स्टुडिओचं मशीन बंद होतं, कपाटातल्या रिळावर यातलं काही असणंच शक्य नव्हतं. ही टेप त्या रिळाची नक्कल नव्हतीच. बेसवाल्याच्या त्या डबड्याने, त्याच्या स्वतःच्या टेपरेकॉर्डरने, खोलीत बसून भरलेली ती वेगळीच कॅसेट होती. फुटपाथवर गेली ती हीच. कपाटातून कुणी काही नेलंच नव्हतं.

"म्हणजे चोरी झालीच नाही, रफूताई," डॉक्टर हळूच म्हणाले. "निदान ती चोरी तरी नाही."

सासूबाई काही बोलणार तोच टेपवर दार उघडल्याचा आवाज आला आणि एका बाईचा चढलेला स्वर. "टेपवाले कुठेत? अहो, हॉस्पिटलातून फोन आलाय. मुलगी झाली!"

मग जो काही दंगा झाला! शिट्ट्या, टाळ्या, ढोल बडवल्यासारखं काहीतरी. घोगऱ्या ओरडला, "अरे पळ, उभा काय राहिलास!" धावणारे पाय, दार आपटलं. आणि मग साहेबांचा आवाज, हसत, "गेला बघा! कपाटाची किल्लीसुद्धा तशीच लोंबकळत ठेवून गेला. लावून घेतलं मी. चला, आज पुरे." पुढे थोडं हसणं, आणि खट्. टेप संपली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "ही मुलगी म्हणजे?"

"माझी बायको," मी म्हणालो, आणि माझा मलाच हुंदका फुटला. बायकोच्या जन्माच्या वेळी हजर राहायचं भाग्य किती नवऱ्यांना मिळतं!

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी नीट पदर खोचला, कॅसेट मागून घेतली आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "दिवस भरले नव्हते माझे. म्हणून हे कामावर होते." मी आपला रस्त्याकडे बघत गाडी हाकत होतो आणि मधूनमधून नाक पुसत होतो. वाटेत बायकोला फोन करून तिलाही बोलावून घेतलं.

सासरे मागच्या अंगणात नळाची तोटी उघडून बसले होते. पंपघर सुटलं तरी गळणारं पाणी त्यांना बघवत नाही.

"अहो, आत या. ऐकायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"मला नाही ऐकायचं. तुला माहितेय."

"ठीक आहे. मग तिथूनच ऐका." असं म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला, तोंड अंगणाकडे, आणि आवाज पार चढवला.

गाणं सुरू होताच सासरे उठून फाटकाकडे चालू लागले. हातात पाना तसाच. तेवढ्यात गाणं संपलं आणि त्यांचा स्वतःचा आवाज अंगणात आला. 'थांबा हं. रीळ संपलं. मशीन थांबवलंय.' ते फाटकाशीच थबकले. वळले नाहीत. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. खुर्च्या, तार, डबडं, खोकला. 'मुलगी झाली!' यावर माझ्या बायकोने माझा दंड इतक्या जोरात पकडला की वळ उठले. मग साहेबांचं ते किल्लीचं वाक्य आलं आणि सासरे होते तिथेच, फाटकाच्या कट्ट्यावर, मटकन बसले.

आम्ही धावलो. मला वाटलं, छातीत कळ आली.

"पाणी आणू?" मी विचारलं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "शेवटचं. साहेब काय म्हणाले ते."

बायकोने पुन्हा लावलं. 'लावून घेतलं मी.'

"लावलं होतं," सासरे म्हणाले. "त्यांनी लावलं होतं."

"अहो, पण महत्त्वाचं ते नाहीये," सासूबाई समजावू लागल्या. "मशीन बंद असताना..."

"ते कळलं मला. मी टेपवाला आहे." ते पहिल्यांदाच वर्तमानकाळात बोलले. "पण तुला माहीत नाही. मी त्या दिवशी भरलेलं रीळ कपाटात ठेवलं आणि तेवढ्यात फोन आला. मी पळालो. कुलूप लावलं की नाही ते मला आठवेचना. कितीही आठवलं तरी आठवेना. मग ती कॅसेट बाहेर आली. मी म्हटलं, संपलं. चोरी मी केली नाही, पण कपाट मीच उघडं टाकलं. साहेबांना विचारावं, तर ती कबुलीच झाली असती. म्हणून गप्प बसलो."

"आणि मला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुला काय सांगणार? पोरगी झाली म्हणून पळालो आणि त्यापायी नोकरी गेली, असं? उद्या तिच्या कानावर गेलं असतं तर?"

माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, सहसा रडत नाही. ती त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, म्हणून तुम्ही माझ्या वाढदिवसाला दर वर्षी घरभर कुलपं ओढून बघत फिरायचात?"

"मी?" सासरे म्हणाले. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

सासूबाई मात्र भडकल्या. मला वाटलं होतं आता गळ्यात गळा पडेल. कसलं काय! "मी इथे चोर शोधत वणवण फिरले, दाढीवाल्यांची घामट जाकिटं शिवली, आणि तुम्ही मनात कुलूप घेऊन बसलात? एका शब्दाने सांगायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी त्या साहेबाच्या दारात उभी राहिले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं," सासरे म्हणाले. आणि हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. मी त्यांना तोवर कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला तर हातात पाना. मग सासूबाईंनाही हसू आवरेना. रस्त्यावरून जाणारे लोक बघत होते, त्यांनाही या घराकडून हे नवीनच होतं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर सासरे बसल्या जागी झोपले. बायकोने पांघरूण घातलं तरी जाग नाही. "हे असे कधी झोपत नाहीत," सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि दर वेळी वाकून बघत होत्या.

साहेबांवरचा राग मात्र सासूबाईंनी बरेच दिवस धरला. कपाट स्वतः लावलं होतं हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं, तरी बोट दाखवलं ते यांच्याकडेच. "वारले ते. जाऊ दे आता," सासरे म्हणायचे. "तुम्ही द्या जाऊ. मी नाही देणार," सासूबाई म्हणायच्या. त्यावर सासरे वाद घालत नसत. त्यांचं स्वतःचं ओझं उतरलं होतं, सासूबाईंनी थोडा राग बाळगला तर त्यांची हरकत नव्हती.

डॉक्टरांनी परवानगी मागितली आणि त्या बडबडीच्या प्रती काढून सगळ्या शौकिनांना वाटल्या. सोबत खरी हकिकत तोंडी सांगितली. जी टेप टाकाऊ म्हणून पडून होती ती आता जो तो मागू लागला. हकिकत फिरत फिरत कुठवर गेली ते एका रविवारी कळलं. आम्ही दोघं तिथेच होतो. फोन वाजला, सासूबाईंनी उचलला. सासऱ्यांना पंपांमुळे ऐकायला कमी येतं म्हणून त्यांच्या घरचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून पार बसलेला आवाज आला, "दुरुस्तीचं काम करतात त्या बाई आपणच का?"

"हो, पण कोट परवाशिवाय मिळणार नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि घशाला काहीतरी घ्या. फार बसलाय."

पलीकडून खोल हसू आलं. "बाई, हा घसा असाच आहे. यानेच पोट भरलं माझं."

सासूबाईंनी फोनवर हात दाबून धरला आणि आमच्याकडे वळून पुटपुटल्या, "अगंबाई, घोगऱ्या!" हात दाबल्याने आवाज पलीकडे जायचा थांबत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

सासरे आले. उभ्याउभ्याच बोलले, साहेबांसमोर उभे राहत असतील तसे.

"तू नाहीस असं मला तेव्हाही वाटलं होतं," घोगऱ्या म्हणाला. "पण मी तोंड उघडलं नाही. माझं रेकॉर्ड बुडालं या रडगाण्यातच होतो. चुकलं माझं."

सासऱ्यांनी विचारलं, "बेसवाल्याची कॅसेट बाहेर कशी गेली?"

"त्याच सुमारास त्याची पिशवी बसमध्ये राहिली होती. तीच असणार. त्याला कळलं आणि तो गप्प बसला, की त्याला कधी कळलंच नाही, कोण जाणे. तोही आता नाही." मग त्याने विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"इथेच आहे," सासरे म्हणाले आणि त्यांनी माझ्या बायकोला पुढे ढकललं. ती "बरी आहे," म्हणाली, परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी. घोगऱ्या पुन्हा हसला. नंतर ते दोघं बराच वेळ कुठला माइक कुठे होता यावर बोलत राहिले. घोगऱ्या म्हणे खिडकीकडे, सासरे म्हणे भिंतीकडे. शेवटी घोगऱ्याने हार मानली.

सासूबाईंनी नंतर त्या सगळ्या खरखरीत प्रती शौकिनांना देऊन टाकल्या. दाढीवाले दोन गाड्या घेऊन आले. कपाट रिकामं झालं, आणि मला वाटलं, आता त्या नुसत्या स्वस्थ बसतील. पण महिना जात नाही तोच त्यांचा फोन, "जावईबापू, रविवारी मोकळे आहात का? घोगऱ्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेळची एक टेप आहे म्हणतात एकाकडे."

"आता कशाला, आई?"

"ऐकायला. आता मला नुसतं ऐकायचंय. मेला एवढा काही बेसूर नाही."

या वेळी मागच्या सीटवर सासरेही होते. येताना त्यांनी जुन्या बाजारातून दोन मोठाले स्पीकर उचलून आणले. कापड फाटलेलं होतं ते सासूबाईंनी रफू करून दिलं. परवा आम्ही गेलो तर घरात बसायला जागा नाही. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, जमिनीवर तारांचं जाळं, आणि सासरे गुडघ्यांवर बसून एक स्पीकर बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे सरकवतायत. टेपवरचा घोगऱ्या खिडक्या हलवत होता. मधेच दार वाजलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण तक्रार घेऊन आली होती.

"अहो, जरा आवाज..." ती म्हणाली.

"हो हो, कळतं मला," सासूबाई म्हणाल्या. "पण आज चालवून घ्या. हे ऐकतायत."

शेजारणीने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. सासरे डोळे मिटून, मान तिरकी करून बसले होते. ती तशीच वर गेली. आवाज मात्र कुणी कमी केला नाही.